गॅस भरण्याआधी गळती शोधा

मैत्रिणींनो, घरातल्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्याला गॅस भरून घ्यावा लागतो का हो? नाही ना! संसाराच्या सुरुवातीला घेतलेला फ्रिज मुलगी दहावीला पोचली तरी बहुधा त्याच गॅसवर चाललेला असतो. मग दारातल्या जुन्या गाडीच्या एसीला दर चैत्रात ‘गॅस संपला’ हे दुखणे का जडते? गाडी हा पुरुषांचा विषय, असे म्हणून आपण लक्ष घालत नाही. पण पैसे जातात घरखर्चातून, आणि मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकतो तेव्हा मागच्या सीटवर बसतात सासूबाई नि मुले! म्हणून आज स्वयंपाकघरातून जरा अंगणात येऊ या.

गाडीचा एसी म्हणजे चाकांवरचा फ्रिजच. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाते आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव एका बारीक झडपेतून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरला की एकदम थंड पडतो आणि पुन्हा त्याची वाफ होते. तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. पेट्रोलसारखा तो जळत नाही, म्हणून ‘संपत’ही नाही. फक्त गाडीला धक्के बसतात, नळ्यांत रबराचे तुकडे असतात, सांधे फार. त्यामुळे बऱ्याच वर्षांत थोडासा गॅस झिरपतो हे खरे. पण एका हंगामात गार हवा बंद झाली, तर कुठेतरी गळती आहे असेच समजावे.

आमच्या धाकट्या भाऊजींच्या गाडीचे तीन वर्षे हेच चालले होते. आपल्या गावाजवळ शेंद्र्याला २००१ साली स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाड्या तयार होऊ लागल्या. त्यातलीच ‘आरएस’ म्हणजे टर्बो इंजिनाची, स्पोर्ट्स कारच्या थाटात पळणारी. भाऊजींनी ती जुनीच घेतलेली, पण जपतात अगदी लेकरासारखी. दर वर्षी एका गॅरेजात अठराशे रुपये देऊन गॅस भरायचा, आणि आषाढ लागायच्या आत पुन्हा गरम वारा. गेल्या वैशाखात जालन्याच्या लग्नाहून भर दुपारी परतताना सासूबाईंना भोवळ आली. त्यांना रक्तदाबाचा त्रास. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले! भाऊजी तर “गाडीच विकून टाकतो” म्हणू लागले. मी म्हटले, “भाऊजी, मडक्याला चीर असली तर आपण रोज पाणी भरत बसतो का? आधी चीर तर शोधा.”

ओळखीतून एसीचे काम करणारे एक मिस्त्री मिळाले. त्यांनी आधी गॅसच्या टाकीला हातच लावला नाही. टॉर्च घेऊन नळ्या पाहिल्या. कंडेन्सरकडे जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीवर एका जागी काळी, तेलकट धूळ बसली होती. आपल्या एक्झॉस्ट फॅनवर बसते ना, तशी. या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. गॅस निसटतो तिथे तेल पाझरते आणि त्यावर धूळ चिकटते. नळी धरणाऱ्या क्लिपमधले रबर झिजले होते, आणि लोखंडावर घासून घासून नळीला सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. त्यांनी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावले, तेव्हा नेमके तिथेच बुडबुडे आले. सिलिंडरच्या रेग्युलेटरला साबण लावून आपण पाहतो, तीच युक्ती!

“मग एम-सील लावून टाका की,” असे कुणीतरी सुचवलेच. त्याने काम का भागत नाही ते पाहा. आपल्या प्रेशर कुकरात दाब असतो साधारण १५ पौंडांचा, गाडीच्या चाकात ३० च्या आसपास. आणि उन्हाळ्यात एसी चालू असताना या नळीत २०० ते २५० पौंड! तिथे लांबी कशी टिकणार? ॲल्युमिनियमला साधे डाखही धरत नाही. नळी काढून आरगॉन वेल्डिंग करावे लागते, नाहीतर खराब तुकडा कापून यंत्राने दाबून नवी रबरी नळी बसवावी लागते. जुन्या गाडीची तयार नळी मिळाली तर उत्तमच. भाऊजींच्या नळीला वेल्डिंग झाले, सांध्यांच्या रबरी रिंगा बदलल्या, क्लिपला नवे रबर आले आणि ड्रायर नवा बसवला. ड्रायर म्हणजे आतला ओलावा शोषणारी डबी. हरभऱ्याच्या डब्यात ओलावा गेला की कीड लागते. इथे ओलाव्याने झडपेत बर्फ धरतो, आम्ल तयार होऊन आतले भाग कुरतडले जातात.

सगळे मिळून साडेचार हजारांच्या आत काम झाले. तीन वर्षांच्या गॅसचेच पाच हजार चारशे झाले होते, हिशोब तुम्हीच करा. शिवाय गॅस कमी असताना एसी रेटला, तर तेल पुरेसे न फिरल्याने कॉम्प्रेसरच बसतो, आणि तो खर्च ऐकून खरोखर भोवळ यावी!

गॅरेजात जाल तेव्हा एवढे जरूर विचारा :

१. गळती कुठे आहे, ती डोळ्यांनी दाखवाल का? साबणाचे पाणी किंवा चमकणारा रंग घालून ती दिसते.

२. नळी उघडली तर रिंगा आणि ड्रायर बदलणार ना?

३. गॅसपूर्वी व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास लावणार ना? पंप बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटे काटा जागचा हलता कामा नये.

४. गॅस वजन करून भरणार का? किती ग्रॅम हवा ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

५. गॅस कोणता? या वयाच्या गाड्यांत आर-१३४ए असतो. त्याहून जुन्या, १९९० पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे २०१० पर्यंत त्याचे उत्पादन बंद झाले. दोन्हींची तेले वेगळी, म्हणून मिसळ चालत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून ज्वलनशील गॅस तर मुळीच भरू देऊ नका.

आणि हो, नळीचे नट घरी सोडवायचा उत्साह मुलांनाही करू देऊ नका. हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो. बोटावर किंवा डोळ्यात उडाला तर बर्फाने भाजते. शिवाय आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसला तरी एक किलो सुटला, तर त्याने हवा तापते सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी. म्हणजे गळक्या एसीत दर वर्षी गॅस भरणे हे पुढचे उन्हाळे आणखी कडक करणेच झाले.

आपल्याला पाना चालवता आला नाही तरी चालेल, बायांनो. दुधाचा हिशोब विचारतो त्याच हक्काने “गळती दाखवा” म्हणता आले पाहिजे. यंदा चैत्रात भाऊजी गॅस भरायला गेले नाहीत. गेल्या आठवड्यात सासूबाई त्याच गाडीतून जालन्याला जाऊन आल्या, वाटेत म्हणाल्या, “अरे, जरा कमी कर, गार वाजतंय मला!”