परदेशीं गेलेल्यांची मोजदाद

वऱ्हाडांतील सुशिक्षित कुटुंबांत मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाचा परदेशीं असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अमरावतीच्या अंबापेठेंत काय किंवा अकोल्याच्या रामदासपेठेंत काय, संध्याकाळीं चार वडील माणसें एकत्र बसलीं म्हणजे बोस्टन, सिडनी, म्यूनिक हीं नांवें बडनेरा-मूर्तिजापुराइतक्याच सहजतेनें त्यांच्या तोंडीं येतात. परंतु या दोन शहरांतून आजवर परदेशीं किती माणसें गेलीं, त्यांपैकीं परत किती आलीं, कोणाच्या पैशावर गेलीं आणि त्यांच्यामागें घरीं कोण राहिलें, असें कोणीं विचारलें तर नेमकें उत्तर देऊं शकेल अशी एकहि कचेरी नाहीं. हेच प्रश्न विचारण्यांत ज्यांचें आयुष्य जातें असे विद्वान जगांतील अनेक विद्यापीठांत आहेत. त्यांचें काम काय चालतें आणि त्याचा आपल्या घराशीं संबंध कसा येतो, हें या महिन्यांत वाचकांपुढें मांडावें असा विचार आहे.

कोणी म्हणेल, सरकार खानेसुमारी करतें, मग आंकडे कसे नाहींत? खानेसुमारीचा माणूस दाराशीं येऊन घरांत जीं माणसें राहतात त्यांची नोंद करतो. जें माणूस देश सोडून गेलें तें त्याच्या तक्त्यांत बसत नाहीं. १९७१ पासून ‘यापूर्वीं राहण्याचें ठिकाण कोणतें’ हा प्रश्न त्या तक्त्यांत आला, १९८१ पासून ‘तें कां सोडलें’ हाहि आला. त्यामुळें होतें काय, कीं यवतमाळाहून लग्न होऊन आलेली थोरली सून सरकारी भाषेंत ‘स्थलांतरित’ ठरते, आणि तीस वर्षें शिकागोस बिऱ्हाड करून राहिलेले तिचे दीर कोणीच ठरत नाहींत! देशाबाहेर जाणाऱ्यांसाठीं १९८३ चा कायदा झाला खरा. पण त्याखालीं परवानगीची जी नोंद होत आली ती मुख्यतः मॅट्रिक न झालेल्या आणि आखातासारख्या ठराविक मुलुखांत कामास जाणाऱ्या लोकांची. पदवीधर मनुष्य त्या वहींत येतच नाहीं.

याच्या अगदीं उलट चित्र मॉरिशस बेटांत पाहावयास मिळतें. तेथें १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर करारानें बांधून नेले गेले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं मराठी माणसेंहि होतीं; त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशचतुर्थी थाटानें करतात, आणि त्या दिवशीं सबंध देशाला सुटी असते. मोका या गांवीं महात्मा गांधी संस्थेंत त्या मजुरांचीं दप्तरें जपून ठेविलीं आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, उंची, अंगावरील खूण, आणलें तें जहाज, दिला तो मळा, आणि पुढील काळांतील नोंदींस तर छायाचित्रेंहि! मारिना कार्टर या विदुषीनें या दप्तरांवर आणि मजुरांनीं केलेल्या अर्जांवर वर्षानुवर्षें मेहनत घेऊन, ज्यांना सही येत नव्हती अशा माणसांचीं व विशेषतः स्त्रियांचीं आयुष्यें पुन्हा उभीं केलीं. ज्याला मळ्यावर राबवावयाचें आणि पळाल्यास पकडावयाचें, त्याच्या कपाळावरचा व्रणसुद्धां सरकारनें लिहून ठेवला. आपल्या घरांतला इंजिनियर विमानांत बसून गेला, त्याला पकडावयाचें कोणास कारण नव्हतें. त्याची नोंद फक्त आजीच्या ट्रंकेंत.

या ट्रंकेचें मोल प्रथम ज्यांनीं ओळखलें त्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे. शिकागो विद्यापीठांत विल्यम थॉमस नांवाचे समाजशास्त्राचे अध्यापक होते. असें सांगतात कीं, ते एकदां पोलिश वस्तींतल्या गल्लींतून जात असतां वरच्या खिडकींतून कोणीं केर टाकला. त्यांतून एक पत्र त्यांच्या पायाशीं पडलें. त्यांनीं तें उचलून वाचलें. गोष्ट खरी असो वा नसो, पुढें त्यांनीं पोलिश वृत्तपत्रांत जाहिरात देऊन अशीं कौटुंबिक पत्रें पैसे मोजून विकत घेतलीं, हें मात्र खरें. फ्लोरियन झ्नानिएत्स्की या पोलिश तत्त्वज्ञाच्या सहकार्यानें १९१८ ते १९२० या काळांत त्यांनीं जो पांच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पन्नास कुटुंबांचीं साडेसातशेंहून अधिक पत्रें छापलीं आहेत. परदेशगमनाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते.

त्या पत्रांचा मायना आपल्या वाचकांस फारच ओळखीचा वाटेल. प्रथम देवाचें नांव, मग सर्व क्षेम असल्याचें कथन, मग आई, बाप, काका, भावजय अशा एकेकाचें नांव घेऊन नमस्कार.  या दोघां पंडितांनीं या प्रकाराला ‘नमस्काराचें पत्र’ असें नांव दिलें. कुटुंब दूर पांगलें तरी एक आहे हें पुन्हा पुन्हा बजावणें हेंच त्या पत्राचें काम, बातमी ही दुय्यम, असा त्यांचा निष्कर्ष. ‘तीर्थरूप बाबांचे चरणीं कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ असें लिहिणाऱ्या आपल्या पिढ्यांना हें सांगण्यासाठीं शिकागोहून पंडित यावयास नको होता. पण आपण तें कधीं लिहून ठेविलें नाहीं.

थॉमस यांच्या संग्रहांत आणखी एक गोष्ट आहे. पत्रें विकत घेतलीं तीं अमेरिकेंत, म्हणून त्यांत बहुतेक आवाज पोलंडांत मागें राहिलेल्यांचा आहे: ‘पैसे कां धाडले नाहींस’, ‘बहिणीचें लग्न ठरलें आहे’, ‘म्हातारी तुझी वाट पाहते’. आपल्याकडे नेमकें याच्या उलट झालें. आमच्या परिचयाच्या अकोल्यांतील एका घरीं माळ्यावरच्या ट्रंकेंत अमेरिकेहून आलेल्या निळ्या हवाईपत्रांची एक चवड आम्हांस दाखविण्यांत आली. चिरंजीव १९६८ मध्यें, परकीय चलनाच्या त्या टंचाईच्या दिवसांत, खिशांत मोजके डॉलर घेऊन गेलेले. पहिल्या वर्षीं बर्फाचें वर्णन, दुसऱ्या वर्षीं नोकरीचें, मग मोटारीचें. कांहीं पत्रांच्या समासांत वडिलांच्या हातची पेन्सिलीची टीप आहे: अमुक तारखेस इतके रुपये पोंचले, पैकीं इतके सावकाराचे दिले. ही टीप आम्हांस बर्फाच्या वर्णनापेक्षां शतपट मोलाची वाटली. मुलाचें शिक्षण कोणत्या कर्जावर उभें होतें आणि तें कोणीं फेडलें, याचा तेवढाच पुरावा. आईनें वीस वर्षें त्याला जें लिहिलें त्यांतलें मात्र एकहि पत्र उरलेलें नाहीं. घरें बदलतांना तिकडे तीं गेलीं. संवाद दोघांचा, आणि हातीं राहिली बाजू एकाची.

पत्रें राहिलीं तर काय होतें याचें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्यें फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्यें निवर्तल्या. कॅरोलाइन डॉल यांनीं बोस्टनहून १८८८ मध्यें त्यांचें चरित्र काढलें, काशीबाई कानिटकरांनीं मराठींत लिहिलें, आणि त्या एकवीस वर्षांच्या मुलीच्या मनांतली तगमग आज आपणांस कळते, ती पुष्कळशी पत्रांमुळें.

या विषयाकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहण्याची तयारी असलेला एक थोर पुरुष आपल्या अमरावतींत वाढला, हें येथें सांगितलें पाहिजे. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. शालेय शिक्षण अमरावतीस. १९०६ मध्यें ते अमेरिकेस गेले, इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठांत राहिले, तेथेंच १९०९ मध्यें त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ निघाला आणि १९११ मध्यें त्यांना डॉक्टरेट मिळाली. परत आल्यावर त्यांनीं जो तेवीस खंडांचा ज्ञानकोश सिद्धीस नेला, त्याच्या पहिल्याच खंडाचें नांव ‘हिंदुस्थान आणि जग’. १९२० मध्यें त्यांनीं ईडिथ कोहन या जर्मन विदुषीशीं विवाह केला. व्रात्यस्तोम करून त्या शीलवतीबाई झाल्या. आणि १९२६ मध्यें देश सोडून दूर गेलेल्या मराठी माणसांवर त्यांनीं ‘परागंदा’ ही कादंबरी लिहिली. जातीचा इतिहास लिहावयास अमरावतीचा मुलगा इथाकेस जातो, हा योगायोग आम्हांस नेहमींच अर्थपूर्ण वाटत आला आहे. घरापासून इतकें दूर गेल्यावांचून घराची रचना दिसली नसती. त्यांच्या कादंबऱ्या कलेच्या दृष्टीनें ओबडधोबड आहेत हें टीकाकारांचें म्हणणें खोडून काढण्याच्या भानगडींत आम्ही पडत नाहीं. पण परदेशीं गेलेला मनुष्य हा पराक्रमी अपवाद नसून एका समाजाचा नमुना आहे, असें पाहण्याची जी दृष्टि केतकरांजवळ होती ती आजच्या सत्कारसमारंभांतून आढळत नाहीं.

जात आणि परदेशगमन यांचा संबंध पुढें पुष्कळ विद्वानांनीं तपासला. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग या तिघांनीं २०१६ मध्यें अमेरिकेंतील हिंदी लोकांवर जो ग्रंथ लिहिला तो आपल्या घरांतून अवश्य वाचला जावा, कारण तो कांहींसा झोंबेल. अमेरिकेंत आपल्या लोकांनीं मिळविलेल्या यशाचें कारण आपण ‘बुद्धि’ असें एका शब्दांत सांगतों. हे विद्वान म्हणतात, तीन चाळण्यांतून गाळून आलेलीं माणसें तीं. पहिली चाळण येथल्या समाजाची: कोणत्या घरांतल्या मुलाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख, इंग्रजी शाळा आणि अभ्यासापुरती निवांत खोली मिळाली. दुसरी परीक्षांची. तिसरी अमेरिकेच्या कायद्याची. १९१७ च्या कायद्यानें आशियांतील बहुतेकांस तेथें दार बंद झालें होतें; १९४६ मध्यें तें किलकिलें झालें तें वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरतें; १९६५ च्या कायद्यानें तें उघडलें, पण शिकलेल्यांस आणि आधीं गेलेल्यांच्या नातलगांस पहिला मान देऊन. असें तीनदां चाळलेलें धान्य टपोरें निघालें यांत नवल तें काय? पहिल्या चाळणींत खालीं पडलेल्यांत बुद्धीचें माणूस नव्हतें असें कोण म्हणेल?

कपूर यांनीं आधीं, २०१० मध्यें, आणखी एक विधान केलें होतें. स्वातंत्र्यानंतर राज्यसत्ता जसजशी इतर समाजांकडे गेली तसतशी उच्चवर्णीयांस बाहेरची वाट मोकळी झाली, म्हणून हें सत्तांतर जितकें कडवट व्हावें तितकें झालें नाहीं, असा त्याचा आशय. कोणास तें पटो वा न पटो; वऱ्हाडांतल्या ज्या घरांची शेती कुळांकडे गेली आणि मुलें त्याच सुमारास शहरांकडे व मग समुद्रापार गेलीं, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं यावर आपली साक्ष द्यावयास हरकत नाहीं.

गेलेल्यांची मोजदाद करण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न आपल्या देशांत केरळांत झाला. के. सी. झकारिया हे लोकसंख्याशास्त्रज्ञ. १९६४ मध्यें मुंबईच्या चेंबूर येथील संस्थेंतून त्यांचा देशांतर्गत स्थलांतराचा इतिहास प्रसिद्ध झाला होता. त्यांनीं व इरुदय राजन यांनीं १९९८ मध्यें तिरुवनंतपुरमहून दहा हजार घरें निवडून पाहणी केली. प्रश्न साधा: या घरचें माणूस परदेशीं आहे काय? त्यावरून केरळांतील सुमारें साडेतेरा लाख लोक परदेशीं असल्याचा अंदाज निघाला. पुढें ही पाहणी दर कांहीं वर्षांनीं होत राहिली, गोव्यांतहि २००८ मध्यें झाली. लीला गुलाटी यांनीं मागें राहिलेल्या थोड्याच स्त्रियांच्या घरीं पुन्हा पुन्हा जाऊन, नवरा आखातांत असतां बँकेचा हिशेब, कर्ज, सासूचें आजारपण हें सर्व त्यांनीं कसें पेललें याचें चित्र १९९३ मध्यें पुस्तकरूपानें दिलें. आंकड्यांनीं जें कळत नाहीं तें त्या पुस्तकांत आहे.

पण घरोघर विचारण्याच्या या पद्धतींत एक फट आहे, आणि वऱ्हाडापुरतें पाहिलें तर ती फार मोठी ठरेल. विचारावयास घरीं कोणी तरी लागतें. कारागीर एकटा आखातांत जातो, त्याचें कुटुंब मागें असतें. तो मोजला जातो. आपल्याकडे मुलगा जातो, मग सून जाते, धाकटी बहीण तिकडेच दिली जाते, आणि शेवटीं वडील गेल्यावर एकट्या आईला मुलगा घेऊन जातो. वाडा बांधकामवाल्यास दिला जातो. उद्यां अमरावतींत अशी पाहणी झाली तर कुलूप लागलेल्या दारावरून पाहणी करणारा पुढें जाईल, आणि ज्या घरांतलीं सर्वच माणसें गेलीं त्या घरांतून कोणीच गेलें नाहीं असें कागदावर होईल.

वाडा रिकामा करतेवेळीं ट्रंक बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूंत जाते. ज्या घरीं अद्यापि वडील माणसें आहेत त्यांनीं ती उघडून पत्रें सालवार लावावीं, पाकिटावरचा शिक्का फाडूं नये, नातवंडांच्या संग्रहासाठीं तिकिटें कापून देऊं नयेत, आणि समासांतल्या पेन्सिलीच्या टिपा लाज वाटते म्हणून खोडूं नयेत. येत्या दिवाळींत चिरंजीव येणार असतील तर त्यांस आधींच फोन करून सांगावें, कीं तुझ्या आईनें तुला लिहिलेलीं जीं काय चार पत्रें तिकडच्या तळघरांत कोठें राहिलीं असतील तीं शोधून येतांना घेऊन ये.