आमच्या गावात सगळं मिळतं, आमचं सोडून

गेल्या दिवाळीत चंद्रपूरला घरी गेलो तेव्हा आई-बाबांना बाहेर जेवायला नेलं. नवं रेस्टॉरंट. एसी, काचेचं दार, भिंतीवर प्लास्टिकचं हिरवं गवत आणि त्यावर चमकणारं एक इंग्रजी वाक्य. मेनू कार्ड 14 पानांचं. पंजाबी, चायनीज, इटालियन, मेक्सिकन, शेवटी मॉकटेल. बाबांनी चष्मा वर-खाली करत सगळी पानं उलटली आणि वेटरला विचारलं, "साधा भात भेटन का? एचएमटीचा?"

"सर, आमच्याकडे फक्त बासमती असतो."

मी हळूच म्हणालो, "बाबा, इथं कोणी एचएमटी मागते का?"

मला लाज वाटली होती. बाबांची. हा लेख त्या लाजेबद्दल आहे.

एचएमटी तांदूळ कुठून आला, हे त्या टेबलावरच्या तिघांनाही माहीत होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. तिथले दादाजी खोब्रागडे, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. 1983च्या सुमारास त्यांना शेतात धानाच्या काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. बारीक दाण्याचं, चवीचं वाण तयार झालं. त्याला नाव दिलं तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या कंपनीचं. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्याच बियाण्यावर काम करून पीकेव्ही एचएमटी नावाचं वाण काढलं आणि श्रेयाचा वाद झाला. 2010मध्ये 'फोर्ब्स'नं दादाजींचं नाव आपल्या यादीत घेतलं. 3 जून 2018 रोजी ते गेले, पैशाच्या तंगीतच.

मी हैदराबादला नोकरी करतो. तिथल्या किराणा दुकानांत एचएमटीची पोती रचलेली असतात. आणि दादाजींच्या स्वतःच्या जिल्ह्यातलं हॉटेल म्हणतं, फक्त बासमती. यात हॉटेलवाल्याचा दोष किती आणि आपला किती?

माझ्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर दर महिन्याला एखादा फोटो येतो. 'आता चंद्रपूरमध्येही!' खाली कुठल्यातरी नव्या कॅफेचा पिझ्झा. पिझ्झ्याशी माझं भांडण नाही, मीही खातो. भांडण आहे त्या 'ही'शी. त्या एका अक्षरात आपण मान्य करतो की आतापर्यंत इथं खाण्यासारखं काही नव्हतं.

खरंच नव्हतं? कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज यांमुळे या शहरात देशभरातून माणसं आली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथं वसवली गेली. बंगाली कॅम्प हा पत्ता रिक्षावाल्याला समजावून सांगावा लागत नाही. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावं आहेत. बल्लारपूर, राजुरा, सिरोंचाकडे घराघरात तेलुगू बोलली जाते. कोरची, कुरखेड्याकडे छत्तीसगढी. भामरागड, एटापल्लीत माडिया. आणि झाडीपट्टी आहेच, तळ्यांची आणि धानाची. एवढी विविधता पुण्यालासुद्धा विकत आणावी लागते. आपण मात्र 'मल्टिक्युझिन'च्या पाटीखाली एकाच लाल ग्रेव्हीला सात नावं देतो आणि बिल भरतो.

आता पावसाळ्यातला आमच्याकडचा बाजार आठवा. सात्या, काटवल, तरोटा, कुड्याची फुलं, कोचईची पानं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. तळ्यातली मरळ. सुक्या झिंग्याची चटणी, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं. यातला एकही पदार्थ त्या 14 पानांत नव्हता. मोहफुलाचं तर नावच काढू नका. चंद्रपुरात 2015 ते 2021 दारूबंदी होती, गडचिरोलीत 1993पासून आहे. या सगळ्या गदारोळात मोह म्हणजे दारू, एवढंच आपल्या डोक्यात राहिलं. मोहफुलं भाजून, तिळासोबत कुटून केलेला लाडू माझ्या वर्गातल्या किती जणांनी खाल्लाय? हात वर करा. मीही नोकरीला लागल्यावरच खाल्ला.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: "घरी रोज खातो ते बाहेर कशाला?" बरं. मग सकाळी चौकात तर्री-पोहे कशाला खाता? घरी होत नाहीत? आणि खरं सांगा, तुमच्या घरी शेवटचे वास्ते कधी शिजले? आईची पिढी करते, आपली करत नाही. घरातून गेलं आणि हॉटेलात आलं नाही, तर ते जाणार कुठं?

दुसरा: "असला धंदा चालत नाही." सावजीकडे पाहा. नागपूरच्या विणकर हलबा कोष्टी समाजाच्या घरातलं जेवण. आज पुण्या-मुंबईत त्याच्या पाट्या आहेत. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, मालवणी मासे, सगळे आधी घरचेच होते. कुणीतरी ते लाज न बाळगता विकायला काढले.

लाज. पुन्हा तिथेच येतो.

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर माझा रूममेट भामरागड तालुक्यातला होता. पहिल्या सुट्टीनंतर तो घरून सुकवलेले वास्ते घेऊन आला. डबा उघडला तसा खोलीत वास पसरला. आम्ही तिघांनी नाकं दाबली, हसलो, एकानं "काय बे, काय सडवून आणलं?" असं विचारलं. तो काही बोलला नाही. संध्याकाळी डबा रिकामा करून धुऊन ठेवलेला दिसला. पुढची चार वर्षं त्यानं घरून फक्त बिस्किटं आणि चिवडा आणला.

तो प्रश्न विचारणारा मीच होतो.

दोन वर्षांपूर्वी हैदराबादला ऑफिसच्या टीमसोबत एका नागा रेस्टॉरंटमध्ये गेलो. बांबू शूट घातलेलं पोर्क मागवलं. वास तोच. फोटो काढला, 'ऑथेंटिक' लिहून टाकला, 83 लाइक आले. रात्री झोपताना तो धुतलेला डबा आठवला. पदार्थ तोच होता. नागालँड लांब होतं म्हणून चालत होतं, भामरागड आपलं होतं म्हणून नाही.

दरवर्षी पावसाळ्यात कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. चांगलंच आहे. बचत गटाच्या बाया स्टॉल लावतात, साहेब चव घेतात, फोटो छापून येतात. आणि उरलेले दिवस पनीर. ताडोब्याला देशभरातून पर्यटक येतो. त्यालाही आपण पनीरच वाढणार का? आणि उद्या कुणी महागडी 'ट्रायबल थाळी' काढलीच, तर माझा पुढचा प्रश्न तयार आहे: स्वयंपाक कुणाचा आणि गल्ला कुणाचा? ज्यांच्या डब्याला आपण हसलो, त्यांचाच पदार्थ उद्या भलताच कुणी विकणार असेल, तर ती सुधारणा नाही.

मी हॉटेल काढणार नाही. ते मला जमणार नाही आणि खोटी आश्वासनं मला द्यायची नाहीत. पण गिऱ्हाईक म्हणून माझ्या हातात एक गोष्ट आहे. हॉटेलवाला तेच ठेवतो जे मागितलं जातं. बाबा मागत होते. मी त्यांना गप्प केलं.

म्हणून यंदा घरी गेल्यावर त्याच हॉटेलात जाणार आहे, त्याच टेबलावर. मेनू कार्ड मिटून मोठ्यानं विचारणार आहे, "एचएमटी हाय का?" तो नाही म्हणेल. तुम्हीही विचारा. दहाव्या माणसानं विचारल्यावर तो एक पोतं आणून ठेवेल. नांदेड तिथून काही फार लांब नाही.