सेकंडहँडची शरम आणि ऐब लपवण्याची बेशरमी

आमच्या घरातल्या कपाटात एक लेन्स पडून आहे. मोबाईलचा टॉर्च लावून आत पाहिलं की काचेच्या कडेने कोळिष्टकासारखी बारीक जाळी दिसते. ही बुरशी. फोटोवाले तिला फंगस म्हणतात. माझ्या भाच्याने ही लेन्स गेल्या वर्षी मुंबईतल्या एका दुकानातून घेतली होती. खोका नवा होता, वर ‘रिफर्बिश्ड’ असं चकचकीत स्टिकर होतं आणि ‘एकदम नव्यासारखी’ हा तोंडी हवाला होता. तिसऱ्या लग्नात दिव्यांसमोर घेतलेले सगळे फोटो धुरकट आले, तेव्हा बिंग फुटलं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “विकलेला माल परत घेत नाही. तुमच्या कोकणातल्या हवेनं झालं असेल.”

तेव्हापासून आमच्या घरात एक निकाल लागलेला आहे. माझी आपा उठता-बसता ऐकवते, “दुसऱ्याची उतरलेली वस्तू घेतली की असंच व्हायचं. आता घेशील ते नवीनच घे.” भाचा बावीस वर्षांचा. दुसऱ्याच्या हाताखाली लग्नं शूट करतो. या हंगामापासून त्याला स्वतःचा कॅमेरा हवा होता. एका शोरूमने दोन लाखांचं कोटेशन आणि हप्त्यांचा कागद हातात दिला. अख्खं घर त्या कागदाच्या बाजूने होतं, मी एकटा विरोधात. महिनाभर जेवताना यावरून वाद झाला. जे मुद्दे मी घरात मांडले तेच इथे मांडतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. कॅमेरा, लॅपटॉप किंवा शिलाई मशीन घेऊन पायावर उभं राहू पाहणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाचा आहे.

पहिला मुद्दा हिशोबाचा. दोन लाखांचं कर्ज, दोन वर्षांची मुदत आणि सोळा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,८०० रुपये होतो. परतफेड २ लाख ३५ हजारांची. आता कोकणातल्या लग्नांचं कॅलेंडर पाहा. जून ते सप्टेंबर पाऊस. रमजान आणि मुहर्रमच्या दिवसांत आपल्याकडे लग्नं जवळपास नसतातच. म्हणजे वर्षातले चारपाच महिने हाताला काम नाही, आणि हप्त्याला सुट्टी नाही. ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या गोड नावालाही भुलू नये. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठल्या ना कुठल्या रूपात गिऱ्हाईकाकडून वसूल होतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. सूद हराम आहे असं मानणारं आमचं घर ‘नवीन’ या एका शब्दापुढे सूद विसरायला तयार झालं. जुनी वस्तू घेण्याची लाज आम्हाला व्याजाच्या गुनाहपेक्षा मोठी वाटली.

भाच्याचा मुद्दा वेगळा होता. “मामू, जुना कॅमेरा घेऊन गेलो तर पार्टी काय म्हणेल?” मी त्याला विचारलं, पार्टी तुझ्या कॅमेऱ्याचं बिल मागते की अल्बम? बारा बाय छत्तीसचा करिझ्मा अल्बम उघडला की एक पान बारा बाय अठरा इंचांचं होतं. इंचाला तीनशे ठिपके या हिशोबाने ते पान भरायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे वीस मेगापिक्सेलपेक्षाही थोडे कमी. २०१२ साली आलेला कॅनन ६डी ५४७२ बाय ३६४८ पिक्सेलचा फोटो देतो. २०१४ चा निकॉन डी७५० देतो ६०१६ बाय ४०१६. लग्नाचं पान तेव्हाही बारा बाय अठराच होतं आणि आजही तेवढंच आहे.

मग हे कॅमेरे स्वस्त का झाले? ते खराब झाले म्हणून नाही. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे नवे माउंट आणले आणि दोन्ही कंपन्यांचा मोहरा मिररलेसकडे वळला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी घर बदलावं तसा अख्खा संच बदलला. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. या दोन माउंटांच्या लाखो लेन्स जगभर तयार झाल्या, त्या काही एका रात्रीत आंधळ्या झाल्या नाहीत. श्रीमंताची हौस फिटली म्हणून बाजारात आलेलं चांगलं अवजार गरिबाने कमी दामात घेणं यात शरमेचं काय आहे?

इथे मला आपल्या लोकांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. घड्याळसाज, रेडिओ मेकॅनिक, मोटार गॅरेजवाले, शिलाई मशीन दुरुस्त करणारे, चोर बाजारात जुन्या वस्तूंना पुन्हा जीव देणारे हे हात कोणाचे आहेत? मोठ्या संख्येने आपलेच आहेत. बंद पडलेली वस्तू चालू करणं हा आपल्या कित्येक घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कसब. त्याच घरातल्या मुलाला आज दुरुस्त केलेली वस्तू वापरायची लाज वाटते. पैगंबर साहेब स्वतःची चप्पल स्वतः शिवत, हे आपण मदरशात मुलांना शिकवतो. बाहेर पडलं की मात्र ‘सेकंडहँड’ ही शिवी होते.

आता दुसरी बाजू. मी दुकानदाराचा वकील नाही. कपाटातल्या त्या लेन्सने मलाही चटका दिला आहे. पण तिचा गुन्हा नेमका काय, ते पाहायला हवं. ती जुनी होती हा गुन्हा नव्हता. तिच्यातला ऐब लपवला गेला, हा गुन्हा होता. ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाचा प्रामाणिक अर्थ असा : परत आलेली किंवा वापरलेली वस्तू जाणकाराने उघडली, तपासली, बिघाड दुरुस्त केला, पुन्हा चाचणी घेतली आणि काही महिन्यांची लेखी हमी देऊन विकली. यातलं काहीही न करता फडक्याने पुसून स्टिकर चिकटवलं तर ती फक्त वापरलेली वस्तू. म्हणून शब्दाला भुलायचं नाही. काम कोणी केलं, काय बदललं आणि हमी कोण देतो, हे तीन प्रश्न विचारायचे. उत्तर कागदावर नसेल तर उत्तर नाही असं समजायचं.

कॅमेरा म्हटला की आपल्याकडे पहिला वाद निघतो तो तसवीर जायज की नाजायज हा. मला त्या वादात इथे पडायचं नाही. पण तोच कॅमेरा विकताना ऐब झाकला तर त्या कमाईचं काय, यावर जुम्म्याच्या बयानात एक शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. वास्तविक याबाबतीत शाफई असो की हनफी, कोणाचंच दुमत नाही. ‘खियार-ए-ऐब’ चारही मसलकांना मान्य आहे. सौद्यानंतर लपलेला दोष निघाला तर वस्तू परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. हदीसमधली ती घटना तर आपल्याला पाठ असते. पैगंबर साहेब बाजारातून जात होते. धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. ओलं धान्य विकायला त्यांनी मनाई केली नाही. ओल झाकायला केली. आमच्या लेन्सवरही पावसाचाच हात फिरला होता. दुकानदाराने ओला भाग खाली ठेवला आणि कोरडा वर.

देशाचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावं, हे १९३० च्या मालविक्री कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. पण वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला सांगून, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतली असेल, तर त्याला तेवढ्यावर हात झटकता येत नाहीत. ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असंही काही दुकानदार सांगतात. ते अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणाऱ्याला ग्राहकच मानलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही.

मग आम्ही तक्रार का केली नाही? कारण आमच्याकडे पक्कं बिल नव्हतं. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घ्यायचा सल्ला भाच्याला कोणी दिला होता? मी दिला होता. बीएड झालेल्या, वर्गात मुलांना नागरिकाची कर्तव्यं शिकवणाऱ्या मास्तरने. दुकानदाराने ऐब झाकला आणि आम्ही सौदाच झाकून ठेवला. मग दाद कुठे मागणार? दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून कॅमेरा मागवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. अनेकदा कॅमेऱ्याची वॉरंटी ज्या देशात तो विकला गेला तिथेच चालते. बिघडला की स्वस्ताई बाहेर पडते.

नवीन वस्तूच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणत नाही. ज्याचं मुख्य काम व्हिडिओचं आहे, त्याला नव्या मिररलेसचा फोकस खरोखर उपयोगी पडतो. फार जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे होतात, हेही खरं. बॅटरी, चार्जर आणि मेमरी कार्ड तर नवीनच घ्यावीत. तिथे शे-दोनशे वाचवायला गेलेल्या माणसाने निकाहचे फोटो गमावलेले मी पाहिले आहेत, आणि निकाह पुन्हा लावता येत नाही. पण बॉडी आणि लेन्स तपासून घेता येतात, आणि ती तपासणी शिकायला दोन संध्याकाळी पुरतात.

लेन्स टॉर्चसमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहायची. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ-१६ वर घ्यायचा म्हणजे सेन्सरवरचे डाग दिसतात. शटर किती वेळा पडलं आहे ते पाहायचं. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच नोंदलेला असतो. बॉडीवरचा नंबर बिलाशी ताडून पाहायचा. आणि स्क्रूकडे नीट बघायचं. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हापासून आमच्या भागात ही सवय प्रत्येकाला असायला हवी. गंजलेले स्क्रू, स्क्रीनच्या आत धुकं, बॅटरीच्या खणात पांढरट पापुद्रा दिसला तर तो कॅमेरा पाण्यातून आलेला आहे. तिथे किंमत विचारायचीच नाही, सलाम करून उठायचं.

भाचा अखेर दोन कॅमेरे नाकारून तिसऱ्यावर आला. कोल्हापूरच्या एका वयस्क फोटोग्राफरने धंदा आवरताना काढलेला डी७५०. त्यांनी स्वतःहून दाखवलं की पकडीचं रबर सुटलं आहे आणि स्क्रीनवर ओरखडा आहे. शटर ६२ हजार वेळा पडलेलं. या मॉडेलचं शटर दीड लाखांपर्यंत तपासलेलं असतं. लग्नामागे दीड हजार फोटो आणि वर्षाला वीस लग्नं धरली तर तीन वर्षं जवळपास निघतात. त्यानंतरही कॅमेरा लगेच मरत नाही, शटर बदलता येतं. एका कागदावर दोष, नंबर आणि किंमत लिहून दोघांनी सह्या केल्या. पन्नास मिलिमीटरची लेन्स, नवी बॅटरी आणि नवी कार्डं धरून पासष्ट हजार रुपये गेले. हप्ता नाही. आपा अजून खूश नाही, पण पावसाळ्यात दारात वसुलीवाला येणार नाही, एवढं तिनेही कबूल केलं आहे.

राहिली ती कपाटातली लेन्स. गेल्या आठवड्यात एकाने भाच्याला सांगितलं, “मुकाट्याने जाहिरात टाक, चार हजार सहज येतील. तुलाही कोणी सांगितलं नव्हतं.” भाचा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने जाहिरात टाकली. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘आत फंगस आहे’, आणि टॉर्च लावून काढलेला फोटो जोडला. अजून गिऱ्हाईक आलेलं नाही. नाही आलं तर लेन्स कपाटात राहील. जुनी वस्तू घरात ठेवायची लाज आता आमच्या घरात कोणाला वाटत नाही.