आधी खर्च, मग सहभाग

जागतिक बँकेच्या कर्जातून उभा राहिलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच ‘पोकरा’, २०१८पासून मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या हजारो गावांत राबवला गेला. सुमारे चार हजार कोटींच्या या कामात ७० टक्के वाटा बँकेच्या कर्जाचा. लोकसहभागाची तजवीज कागदावर चोख होती: शिवारफेरी, पाण्याचा ताळेबंद, गावाचा आराखडा आणि त्यावर देखरेखीला सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती. पण वैयक्तिक लाभाच्या बाबतीत आत कोण येणार, हे समितीपेक्षा अनुदानाचा क्रमच जास्त ठरवतो. शेतकऱ्याने अर्ज करायचा, पूर्वसंमती घ्यायची, पदरचे पैसे घालून ठिबक बसवायचे, मग मोका पाहणी, आणि त्यानंतर केव्हातरी खात्यावर अनुदान. ज्याच्या गाठीला रोकड आहे किंवा दुकानदाराकडे पत आहे, त्याला हे झेपते. दोन एकर कोरडवाहूवाल्याने बिल भरायला व्याजाने पैसे घेतले आणि पाहणी लांबली, तर अनुदानातला मोठा घास व्याजच गिळते. या भीतीने असा माणूस पूर्वसंमती हातात असूनही गप्प बसतो. शिवारफेरीच्या हजेरीपटावर मात्र त्याची सही असते.

यावर कृषी खात्यातली मंडळी म्हणतील की, आधी पैसे दिले तर बोगस बिलांचे जुने दिवस परत येतील. आक्षेप हलका नाही. थेट खात्यात अनुदान आल्याने पुरवठादारांच्या साखळीला चाप बसला, हे मान्यच करायला हवे. पण थेट खात्यात देणे वेगळे आणि शेवटी देणे वेगळे. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचा पहिला हप्ता मंजुरीनंतर मिळतो आणि पुढचे हप्ते बांधकामाचे जिओ-टॅग केलेले फोटो पाहून सुटतात. घराच्या भिंतीला जी पद्धत चालते, ती ठिबकच्या नळीला का चालू नये?

हे हप्ते गावाच्या समितीमार्फत द्यावेत म्हटले, तर दुसरा आक्षेप असा येतो की, गावाच्या हाती पैसा दिला की तो मातब्बरांच्या वाड्यावर जातो. इथे जर्मन मदतीचा अनुभव पाहावा. १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत, श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या अटी गावाने आधी कबूल करायच्या आणि ग्रामसभेतून आलेल्या समितीने कामाचा पैसा सांभाळायचा, अशी रीत होती. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले. तरी चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांनी उचलला आणि पाणी मुख्यतः विहीरवाल्यांना मिळाले, हेही खरे. म्हणजे समितीच्या हाती पैसा देऊन भागत नाही. ज्याचे नुकसान होणार, त्याला ‘आधी निम्मेच रान बंद करा’ असे म्हणण्याचा आणि ते मान्य करून घेण्याचा हक्क हवा.

पोकराचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांतल्या सुमारे सात हजार गावांसाठी आहे. त्याच्या अहवालात किती सभा झाल्या, किती महिला हजर होत्या, हे येईलच. सोबत आणखी एक रकाना छापावा: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्या किती जणांनी पूर्वसंमती मिळूनही बिलच सादर केले नाही, गावनिहाय.