खाकीतला ओळखीचा माणूस

आपल्याकडे कारहुणवीला बैल सजतात, तसे पांढुर्ण्यात पोळ्याला. माझी मावशी तिथली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती मुलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे. त्या दिवशी गोटमार! जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव आणि मध्ये दगडांचा पाऊस. शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांचे जीवही गेले आहेत.

पोलिसांनी काय करायचे ठेवले? जमावबंदी लावली, रबरी चेंडू देऊन पाहिले. 1978 आणि 1987 साली तर गोळीबार झाला. गोटमार थांबली नाही.

मावशी म्हणायची, "अगं, वर्षातून एकदा गाड्या भरून येणाऱ्या पोलिसांचं कोण ऐकणार?" शिवाय तिथे घरात मराठी, ठाण्यात हिंदी. वाचकहो, हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. आपण घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो, पण ठाण्याची पायरी चढताना दोन्ही घशात अडकतात.

भिवंडीची गोष्ट आठवते. 1984 च्या दंगलीत ते गाव होरपळले होते. 1988 साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या स्थापल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस एकत्र बसू लागले, भांडण लहान असतानाच मिटवू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. विश्वास दंगलीच्या दिवशी मागून मिळत नाही. तो आधीच जमवावा लागतो.

2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. पोलीस अधीक्षक आता छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्यातच बसतात. ग्राम व नगर रक्षा समित्यांचा कायदा तर मध्य प्रदेशात 1999 पासून आहे. म्हणजे कागद आहे, कचेरीही जवळ आली. आता उरलेल्या 364 दिवसांत पोलिसांनी ओट्यावर टेकावे आणि लोकांनी बिनघोर ठाण्यात जावे, तर गोटमारीच्या दिवशी त्यांचा शब्द लागेल.

काल मी घरात विचारले, "आपल्या भागातल्या हवालदाराचं नाव काय?" सासूबाई, मुले, कोणालाच ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. तुमच्याकडेही विचारून पाहा. सुरुवात नावापासूनच करू या.