विश्लेषण : जुनी सात आसनी एसयूव्ही बिघडली, तर आधी काय तपासावे?

नव्या छोट्या गाडीच्या पैशांत सात-आठ वर्षे वापरलेली मोठी डिझेल एसयूव्ही मिळते. आजी-आजोबा, मुले आणि सामान एकाच गाडीत मावते, गावचा रस्ता खराब असला तरी चिंता नसते. त्यामुळे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे हा पर्याय निवडतात. मात्र खरेदीनंतर काही महिन्यांतच मीटरवर एखादा दिवा लागतो, घाटात गाडी दम सोडते आणि गॅरेजचे बिल गाडीच्या हप्त्याच्या कितीतरी पुढे जाते. हे बिल फुगण्याचे कारण दरवेळी मोठा बिघाड हेच नसते. बिघाड नेमका कुठे आहे हे न तपासता अंदाजाने भाग बदलत जाणे, हे त्याहून महागात पडते. कोणत्या लक्षणात आधी काय पाहावे आणि गॅरेजला कोणते प्रश्न विचारावेत, याचा हा आढावा.

जुन्या डिझेल एसयूव्हीचे दुखणे वेगळे का?

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५००, इनोव्हा, डस्टर ही नावे नेहमी दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्या १ एप्रिल २०२० पूर्वीच्या, म्हणजे बीएस-६ निकष लागू होण्याआधीच्या आहेत. त्यांच्या इंजिनात डिझेल अतिशय उच्च दाबाने फवारले जाते, टर्बोचार्जर जादा हवा पुरवतो, ईजीआर व्हॉल्व्ह धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवतो आणि या साऱ्यावर सेन्सर व संगणक लक्ष ठेवतात. एका भागाने मान टाकली की लक्षण भलत्याच ठिकाणी दिसते. रबरी पाइपला चीर पडलेली असते आणि संशय मात्र टर्बोवर जातो. पाइपचा खर्च शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत, तर टर्बोचा खर्च दहा हजारांच्या पटीत. निदानाची खरी किंमत या फरकात आहे.

‘चेक इंजिन’ दिवा नेमके काय सांगतो?

दिव्याचा रंग आधी पाहावा. ऑइलचा दाब, इंजिनाचे तापमान किंवा ब्रेक यांचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन लगेच थांबवायची. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिन संपवू शकतो. पिवळा दिवा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येते.

पिवळ्या दिव्यामागे संगणकाने नोंदवलेला एक कोड असतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून तो वाचता येतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा स्कॅनरही प्राथमिक कोड दाखवतो. मात्र कोड वाचणे आणि बिघाड शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण ‘पी०२९९’ या कोडचे. टर्बोकडून अपेक्षित दाब मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टर्बो खराब झाला, असे तो कोड म्हणत नाही. ‘पी०४०१’ म्हणजे ईजीआरमधून जाणारा प्रवाह अपुरा. व्हॉल्व्ह बदला, असे त्यातही लिहिलेले नसते. कोड तपासाची दिशा दाखवतो, त्यापुढचा तपास माणसालाच करावा लागतो. म्हणूनच दिवा घालवण्यासाठी कोड पुसून देणारे गॅरेज गाडी दुरुस्त करत नसते. उलट पुढच्या मेकॅनिकच्या हाती लागणारा पुरावा ते नष्ट करत असते.

चढावर पिकअप गेला, तर टर्बोच गेला का?

खंबाटकी किंवा कसारा घाटात भरलेली गाडी अचानक जड होते, अॅक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही, बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ ठीक चालते. याला ‘लिंप मोड’ म्हणतात. इंजिन वाचवण्यासाठी संगणक स्वतःहून ताकद कमी करतो.

इथे तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे हवा. सर्वांत आधी एअर फिल्टर. तो धुळीने चोंदला असेल तर इंजिनाचा श्वास तिथेच अडतो. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी पाइप. क्लॅम्प सैल झाला किंवा पाइप चिरला की वेग घेताना ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि त्या जागी तेलकट डाग दिसतो. तिसऱ्या क्रमांकावर टर्बो नियंत्रित करणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या. उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात. त्यानंतर काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि दाब मोजणारा सेन्सर. या दोन्हींचे काम अनेकदा साफसफाईने भागते.

हे सारे ठीक निघाले तरच टर्बोकडे वळावे. त्याचीही चाचणी असते. हवेचा पाइप काढून टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून तो प्रमाणाबाहेर हलतो का, पाती घासली आहेत का, आत किती ऑइल आले आहे, हे पाहता येते. ‘टर्बो बदलावा लागेल’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकने एवढे दाखवावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सकाळी गाडी सुरू होत नसेल तर?

पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या निरोगी बॅटरीत साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान हवा. तो वाढत नसेल तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या वायरिंगचा असू शकतो. ही तपासणी न करता नवी बॅटरी घातली, तर तीही काही दिवसांत उतरते.

स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशी तक्रार असेल तर डिझेलच्या वाटेकडे पाहावे. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी, चोंदलेला फिल्टर, पाइपमध्ये शिरणारी हवा ही नेहमीची कारणे. हिवाळ्यातच त्रास होत असेल तर ग्लो प्लग तपासावेत.

इंजेक्टरचा क्रम यानंतर येतो. ‘चारही इंजेक्टर गेले’ असे ऐकले की ‘रिटर्न चाचणी केली का?’ हा प्रश्न विचारावा. या चाचणीत प्रत्येक इंजेक्टरला छोटी बाटली जोडून त्यातून परत येणारे डिझेल मोजतात. एखादीच बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरली, तर दोष बहुधा त्या एकाचाच. चारांऐवजी एकाच इंजेक्टरवर भागले, तर वाचणारी रक्कम एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याहून मोठी असते.

घाटात तापमानाचा काटा वर चढला तर?

काटा वर जाऊ लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी. हीटरमुळे इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. त्यानंतर इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले द्रव दाबाखाली असते आणि उसळून चेहरा व हात भाजतात.

कारणांचा शोध पुन्हा साध्या गोष्टींपासून घ्यावा. इंजिन थंड असताना कूलंट टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का? पंखा फिरतो का? रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे अडकले आहेत का? झाकणाचा रबर ठीक आहे का? आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचे पाणी घातले असेल, तर क्षार साचून वाट अरुंद होते. आणखी एक घातक प्रथा म्हणजे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणे. त्यामुळे इंजिन हवे तेवढे गरम होत नाही, डिझेल जास्त लागते आणि मूळ दोष झाकला जातो.

कूलंट वारंवार कमी होते, पण गळती कुठेच दिसत नाही, टाकीत बुडबुडे येतात किंवा ऑइल दुधाळ होते, ही हेड गॅसकेट गेल्याची लक्षणे असू शकतात. हेड उतरवण्याआधी कूलंटच्या वाफेवर रासायनिक चाचणी करता येते. त्यात धुराचे वायू मिसळले असतील तर चाचणीच्या निळ्या द्रवाचा रंग बदलतो. काही मिनिटांची ही चाचणी कित्येक दिवसांचे अनावश्यक काम वाचवू शकते.

धुराच्या रंगावरून काय कळते?

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, पाइप, ईजीआर किंवा इंजेक्टर पाहावेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टर्बोचे सील किंवा इंजिनाची झीज हे त्याचे कारण असू शकते. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ नेहमीची असते, पण इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते.

बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. केवळ शाळा-बाजाराच्या फेऱ्या झाल्या की तो चोंदतो, कारण काजळी जाळण्याइतकी उष्णता तयार होत नाही. दिवा लागताच महामार्गावर १५-२० मिनिटे स्थिर वेगाने गाडी चालवली, तर बहुतेक वेळा तो स्वतःला साफ करतो. कुटुंबाचा वापर शहरापुरताच असेल, तर अशी डिझेल गाडी घेण्याआधी पुन्हा विचार करावा. डीपीएफ काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो नियमभंग आहे आणि त्या धुरात शेजारपाजारची मुलेही श्वास घेतात.

खडखड, थरथर आणि ब्रेक यांचे काय?

खड्ड्यात पुढून ‘टकटक’ येते तेव्हा लिंक रॉड आणि बुश आधी पाहावेत. पूर्ण सस्पेन्शन बदलण्याची वेळ क्वचितच येते. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग, फक्त ब्रेक लावताना थरथरत असेल तर ब्रेक डिस्क. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूचा चार आकडी क्रमांक वाचावा. ‘२३१७’ म्हणजे २०१७ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. एवढा जुना रबर महामार्गावर नेऊ नये.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर ते उकळले की पेडल खाली बसते. सात माणसे घेऊन दोन टनांच्या आसपासची गाडी घाट उतरत असताना ही जोखीम कुणीही घेऊ नये. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. टायमिंग बेल्टचेही तसेच. डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनाला असा बेल्ट असतो. तो तुटला तर इंजिनाच्या आतले भाग एकमेकांवर आदळू शकतात. आधीचा बेल्ट कधी बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असे धरूनच चालावे.

खरेदीआधी काय करावे?

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधीच इंजिन गरम करून ठेवू नका, असे विक्रेत्याला बजावावे. थंड इंजिन बरेच काही उघड करते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला पूर्वेतिहास विक्रेत्याकडून मागावा आणि त्यातले किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, हे तपासावे. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी चकाचक करता येते, पण तिच्या वायरिंगचा भरवसा राहत नाही.

जबाबदारी फक्त ग्राहकाची का?

एवढे सगळे सामान्य कुटुंबाने शिकावे, ही अपेक्षा अर्धीच रास्त आहे. डॉक्टर तपासणीचा अहवाल रुग्णाच्या हाती देतात. गॅरेजमध्ये मात्र ‘हा भाग गेला’ एवढ्या तोंडी निकालावर हजारो रुपये मोजले जातात. कोड, केलेली चाचणी, तिचा निष्कर्ष आणि बदललेला भाग या चार गोष्टी बिलावर लिहिणे आणि काढलेला जुना भाग ग्राहकाला दाखवणे ही रीत पडायला हवी. प्रामाणिक मेकॅनिकचे यात नुकसान नाही. निदानाचे वेगळे पैसे मागण्याचा हक्क त्यालाही यातून मिळतो आणि ग्राहकांनी ते खळखळ न करता द्यायला हवेत. तपासणी फुकट हवी असा आग्रह धरला, की तिचा खर्च सुट्या भागांतून वसूल होतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केले. त्यातल्या चार क्षेत्रांत वाहने आहेत. पण दुरुस्तीची माहिती, स्कॅनर आणि सुटे भाग तालुक्याच्या गॅरेजपर्यंत परवडणाऱ्या दरात पोहोचले, तरच त्या हक्काला अर्थ येईल. तोवर ग्राहकाच्या हाती आहे ते पक्के बिल, आणि सेवेत त्रुटी राहिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक.

जुनी गाडी बिघडणार, हे गृहीत धरूनच ती घ्यायची असते. पण बिघाड सिद्ध होण्याआधी पैसे मोजायचे नाहीत, एवढे ठरवले तरी अशी गाडी कुटुंबाला परवडू शकते. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘हे बदलावे लागेल’ असे ऐकले, की ‘कशावरून?’ एवढा एकच प्रश्न आधी विचारावा.