मानेतली गाठ: आधी तुकडा तपासा, मग औषध घ्या

मानेत गाठ आली, महिना उलटला तरी बसेना, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरत चाललंय. अशा वेळी आपल्याकडे पहिला अंदाज क्षयाचा बांधला जातो. जुनी माणसं गंडमाळ म्हणतात, डॉक्टर ‘टीबीची गाठ’ म्हणतात. हा अंदाज वावगा नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि फुफ्फुसाबाहेरचा क्षय मानेतल्या गाठींत नेहमी आढळतो. पण निव्वळ अंदाजावर औषधं सुरू झाली की घात होऊ शकतो. अगदी हीच लक्षणं लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचीही असतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: गाठ कशाची आहे हे तपासून घेतल्याशिवाय क्षयाचं सहा महिन्यांचं औषध सुरू करू नका.

आधी घाबरणाऱ्यांसाठी. आपल्या शरीरात अशा शेकडो ग्रंथी आहेत आणि जंतूंशी लढताना त्या सुजतात. पायातला काटा पिकला की जांघेत अवधाण येतं, दाढ किडली की जबड्याखाली गाठ लागते, डोक्यात फोड झाले की मानेमागे. कारण गेलं की गाठही ओसरते. लहान मुलांच्या मानेला बारीक गाठी हाताला लागणं तर नेहमीचंच आहे. अशा प्रत्येक गाठीमागे धावायची गरज नाही.

धावायचं केव्हा, ते मात्र नीट ध्यानात ठेवा. गाठ तीन-चार आठवडे झाले तरी कमी होत नाही, एक सेंटिमीटरहून मोठी आहे किंवा वाढतेय, एकीच्या दोन-तीन झाल्या आहेत, तर डॉक्टरांना दाखवा. गळ्याच्या आडव्या हाडाच्या वरच्या खळग्यात गाठ असेल तर एक दिवसही थांबू नका. तिथली गाठ लहान असली तरी तपासावीच लागते. रात्री अंगावरचे कपडे बदलावे लागतील इतका घाम, पुन्हा पुन्हा येणारा ताप आणि सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन कमी होणं, म्हणजे साठ किलोचा माणूस चौपन्नवर येणं, ही मोठी खूण आहे. आणि ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा समज सोडा. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही.

हे दोन आजार मुळात अगदी वेगळे आहेत. लंडनच्या डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. लिम्फोमाच्या एका मोठ्या प्रकाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. क्षयात बाहेरून आलेला जंतू ग्रंथीत ठाण मांडतो. लिम्फोमात आपल्याच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात. एकाला जंतू मारणारं औषध लागतं, दुसऱ्याला केमोथेरपी. क्षयाच्या गोळ्यांचा लिम्फोमावर काही उपयोग होत नाही. तेवढ्या महिन्यांत आजार मानेतून छातीत, छातीतून पोटात पोचू शकतो, आणि गरज नसलेल्या गोळ्यांचा त्रास यकृताला होतो तो वेगळाच. हॉजकिन लिम्फोमा ऐन तारुण्यात होतो, क्षयही त्याच वयात खूप आढळतो. त्यामुळे कॉलेजातल्या, नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या बाबतीत ही गफलत होण्याचा धोका जास्त.

अंदाजाला आधार म्हणून काही रिपोर्ट दाखवले जातात, ते पुरेसे नाहीत. रक्तातला ईएसआर दोन्ही आजारांत वाढतो. हातावरची मोंटू चाचणी जंतूचा संसर्ग कधीतरी झाल्याचं दाखवते, आणि तसा संसर्ग आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांनाही झालेला असतो. क्षयासाठी रक्तातली अँटिबॉडी तपासण्याच्या चाचण्या इतक्या बेभरवशाच्या होत्या की सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली. सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, ‘ग्रॅन्युलोमा’ (पेशींचे पुंजके) असा शेरा आला की क्षय पक्का मानतात. पण लिम्फोमाच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा सापडू शकतात.

सुईची तपासणी ही चांगली सुरुवात आहे आणि काही वेळा तिच्यातच क्षयाचा जंतू सापडून निदान पुरं होतं. पण लिम्फोमा ओळखायचा तर ग्रंथीची सगळी रचना पाहावी लागते; दोन विटा हातात घेऊन वाड्याचा नकाशा सांगता येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढून, नाहीतर जाड सुईने तुकडा घेऊन बायॉप्सी करायला हवी. लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला त्याच तुकड्यावर आयएचसी ही पुढची तपासणी करतात. उपचार त्या प्रकारावर ठरतात.

इथे नातेवाइकांनी एका गोष्टीकडे स्वतः लक्ष द्यावं. काढलेल्या गाठीचे दोन भाग करून दोन बाटल्यांत पाठवायचे असतात. एक भाग फॉर्मलिनमध्ये, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, तो क्षयाच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, आणि सीबीनॅट या जनुकीय चाचणीसाठी. सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये गेली तर जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारा, ‘डॉक्टर, टीबीसाठी सलाइनची वेगळी बाटली पाठवणार ना?’ सीबीनॅटचं यंत्र साधारण दोन तासांत उत्तर देतं आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही सांगतं. कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

बायॉप्सी होईपर्यंत डेक्सा किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड स्वतःहून घेऊ नका. कुणी देऊ लागलं तर बायॉप्सी व्हायची आहे, हे सांगा. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ चार दिवसांत उतरते, ताप जातो, घरात आनंद होतो. पण मग तुकड्यात आजार नीट दिसत नाही आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा डोकं वर काढतो. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकंही मनाने घेऊ नका. ती क्षयाच्या जंतूला अर्धवट दडपतात आणि निदान लांबतं.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही भीती घरोघरी आहे. लिम्फोमा बायॉप्सीने पसरत नाही. निदानाविना गेलेले महिने त्याला पसरू देतात.

तपासणीत क्षय निघाला तर तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. गाठींचा क्षय साधारणपणे सहा महिन्यांच्या पूर्ण कोर्सने बरा होतो. आधीपासून कुठलीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. रिफॅम्पिसिनमुळे यकृतातली एन्झाइम वाढतात आणि ती इतर औषधांचा निचरा भराभर करतात. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा परिणाम कमी पडू शकतो. उपचार योग्य असूनही मध्येच गाठ फुगू शकते, म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका. मात्र दोन महिन्यांनंतरही गाठी वाढत असतील, नव्या येत असतील आणि बायॉप्सी झालेलीच नसेल, तर ती करण्याचा आग्रह धरा.

लिम्फोमा निघाला तरी आशा सोडू नका. हॉजकिन लिम्फोमाचे बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि लवकर सापडला तर अधिकच. झपाट्याने वाढणारे काही दुसरे प्रकारही पूर्ण बरे होऊ शकतात. रक्तातल्या एलडीएच या एन्झाइमवरून आजाराचा जोर समजायला मदत होते, पण एकट्या त्या आकड्यावर निदान होत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार मिळतात. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा. आणि बायॉप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलात किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात गेलात तर तिथले डॉक्टर नुसत्या कागदावर न थांबता तेच ब्लॉक पुन्हा तपासतात.

तुमच्या घरात, शेजारात कुणाच्या मानेत अशी गाठ असेल तर आजच विचारा: किती दिवस झाले? तपासली का? तुकडा कुठे पाठवला? आणि रिपोर्ट हातात नसताना गोळ्यांचं पाकीट फोडलं जात असेल, तर त्या माणसाला सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा ओपीडीत जा आणि बायॉप्सीची तारीख घेऊनच परत या.